गाऱ्हाणें कोणापुढें घालावें?



देवगडच्या बाजूला एखाद्या देवळाच्या सभामंडपांत उत्सवाच्या दिवशीं उभें राहिलें, तर 'गाऱ्हाणें' हा शब्द हटकून कानीं पडतो. देशावर गाऱ्हाणें म्हणजे तक्रार. कोणी बांध कोरला, कोणी पाणी तोडलें, कीं मनुष्य गाऱ्हाणें घेऊन पाटलाकडे जावयाचा. कोंकणांत गाऱ्हाणें देवापुढें 'घालतात'. गांवचा मानकरी नारळ हातीं घेऊन उभा राहतो, देवांचीं नांवें घेतो, शेताभाताचें, गुराढोरांचें, लेंकराबाळांचें आणि मुंबईस पोटासाठीं गेलेल्या चाकरमान्यांचें क्षेम मागतो. आणि प्रत्येक मागण्यामागें जमलेली मंडळी एका सुरांत 'होय महाराजा' म्हणते. तक्रार आणि प्रार्थना या दोन गोष्टींना एकच शब्द असावा, यांत मला कोंकणांतील खेड्याच्या कारभाराचा सगळा इतिहास सांठवलेला दिसतो. कारण आपल्या पूर्वजांना न्याय मागणें आणि कृपा मागणें यांत फारसा फरक करतां येत नव्हता. तो फरक करावयास आपण कसें शिकलों, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय हवेंत राहूं नये म्हणून आपण एक बाई कल्पूं. मुणग्याची म्हणा, पडेलची म्हणा, हिंदळ्याची म्हणा. बाई विधवा, मुलगा परगांवीं. तिच्या घरून विहिरीकडे जाणारी पाऊलवाट शेजाऱ्यानें चिऱ्यांचा गडगा घालून बंद केली आहे. मे महिना, जांभ्या दगडाची जमीन. पावसाळ्यांत धो धो पडलेलें पाणी केव्हांच समुद्राला मिळालेलें. हिनें पाणी आणावें कोठून, आणि गाऱ्हाणें न्यावें कोणाकडे? हीच बाई आपण निरनिराळ्या काळांत उभी करूं आणि तिला काय उत्तर मिळतें तें पाहूं.

पहिली कचेरी देवाची. देवगड, मालवण, सावंतवाडी या टापूंत जी गांवव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तिला 'गांवऱ्हाटी' म्हणतात. गांव देवाचा, आणि त्याचा कारभार देवाच्या नांवानें बारा-पांच मानकऱ्यांनीं पाहावयाचा, ही तिची मूळ कल्पना. गांवकर, घाडी, गुरव, राऊळ यांचे मान आणि कामें ठरलेलीं. जत्रा केव्हां, पालखी कोणत्या वाटेनें, ओहोळाला बंधारा केव्हां घालावयाचा, हे प्रश्न येथें सुटत. आणि जेथें माणसांचें एकमत होईना तेथें देवाला कौल लावीत. महाशिवरात्रीस कुणकेश्वराच्या समुद्रावर गांवोगांवचे देव आपल्या रयतेसह तीर्थस्नानाला येतात, तेव्हां ही व्यवस्था अजूनही डोळ्यांनीं पाहावयास मिळते.

या व्यवस्थेची शक्ति केवढी, हें समजावयाचें असेल तर 'गांवपळण' पाहावी. मालवण तालुक्यांतील आचरें आणि देवगड तालुक्यांतील मुणगें हे गांव तिच्यासाठीं प्रसिद्ध आहेत. कांहीं वर्षांच्या अंतरानें देवाचा कौल झाला, कीं सारा गांव गुरेंढोरें, कोंबडीं-कुत्रीं घेऊन शिवेबाहेर राहावयास जातो. आचऱ्यास तीन दिवस आणि तीन रात्री गांवांत चूल पेटत नाहीं. शिवेपलीकडे झोंपड्या उभ्या राहतात, आणि परतण्याचा कौल मिळाल्यावरच माणसें घरीं येतात. रामेश्वराच्या कौलानें निघालेल्या या गांवांत इतर धर्मांचे रहिवासीही सामील होतात. या आज्ञेच्या मागें ना शिपाई, ना दंडाची पावती. पण शहरांतल्या कोणत्या नगरपालिकेला आपल्या रहिवाशांकडून एवढी शिस्त मिळवतां येईल?

आपली बाई गांवकरांकडे गेली असती तर निकाल चटकन्‌ लागला असता. गडगा कोठला, वाट कोणाच्या आजोबांच्या वेळची, हें सांगावयास साक्षीदार शोधावे लागले नसते. आणि ठरलेलें शेजाऱ्यानें मानलें नसतें, तर सारा गांव त्याच्यावर उलटला असता. हा या व्यवस्थेचा मोठा गुण. परंतु शेजारीच मानकरी असला तर? मान कुळाचा होता, माणसाचा नव्हता. तो जन्मानें मिळे आणि बायकांना मिळत नसे. आणि ही बाई अस्पृश्य मानलेल्या जातीची असती तर? मग वाटेचा प्रश्नच उद्‌भवत नाहीं, कारण विहीरच तिची नव्हे. ज्याला मान नव्हता त्याला गांवांत काम होतें, पण शब्द नव्हता. जो फार बोलला त्याला वाळींत टाकीत. त्याचा विस्तव बंद, पाणी बंद, मर्तिकाला खांदा बंद. हें शस्त्र किती खोल रुतलें होतें तें पाहा. १९४९ सालीं मुंबई सरकारनें बहिष्काराविरुद्ध कायदा केला. पुढें सर्वोच्च न्यायालयानें तो १९६२ सालीं रद्द ठरविला. आणि महाराष्ट्राला २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला. तो २०१७ सालीं अमलांत आला. देवाच्या नांवानें चालणाऱ्या कारभाराची ही काळी बाजू झांकून त्याचें कौतुक करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

शेजारच्या गोमंतकांतही अशीच गांवकरी होती. पोर्तुगीजांनीं तिच्याकडे पाहिलें तें साऱ्याच्या दृष्टीनें. १५२६ सालीं अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्यानें गांवकऱ्यांच्या चालीरीति लिहून काढल्या. तो 'फोराल' आजही प्रसिद्ध आहे. तिकडची चाल कागदावर आली, इकडची माणसांच्या तोंडीं राहिली. लिहिलेला नियम ताठर होतो हें खरें. पण न लिहिलेला नियम बलवंताकडे वांकतो, हेंही तितकेंच खरें.

देवाच्या कचेरीशेजारीं दुसरी एक कचेरी होती, ती खोताची. खोत हा मुळांत सरकार आणि रयत यांमधला सारा गोळा करणारा दुवा. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेस त्याचा जोर अधिक. दक्षिणेस मालवणाकडे जावें तसतसे ठरीव सारा परभारें भरणारे धारेकरी अधिक भेटतात. जेथें खोताचें राज्य होतें तेथें कुळानें पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल अथवा तिर्धेल, त्याच्या अंगणांत आणून टाकावयाचा आणि वर वेठीला राबावयाचें. १८८० च्या कायद्यानें कुळांच्या हक्कांची नोंद झाली आणि खोताच्या मागणीला मर्यादा पडली, पण त्याचा दरारा गेला नाहीं. आपली बाई खोताच्या पडवीखालीं उभी राहिली, तर तिचें गाऱ्हाणें उरत नाहीं, तें विनवणी होतें. खोत दयाळू असला तर वाट मोकळी होईल. पण दया आज मिळाली म्हणून उद्यां मागतां येत नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तिसरी कचेरी उभी राहिली. १८१९ सालीं दक्षिण कोंकणचा वेगळा जिल्हा झाला. त्याचें ठाणें प्रथम बाणकोट, आणि १८२२ पासून रत्नागिरी. आतां मामलेदार आला, शिक्का आला, अर्ज आला. १८६७ च्या कायद्यानें पोलीस पाटलाचीं कर्तव्यें ठरलीं. १८७१ च्या कायद्यानें दुसऱ्याच्या शेतांत शिरलेलें गुरूं कोंडवाड्यांत घालावयाचें आणि दंड भरून सोडवावयाचें ठरलें. पूर्वी ज्यावरून डोकीं फुटत तें काम कोंडवाड्याच्या कुलपावर आलें. आणि आपल्या बाईच्या दृष्टीनें सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १८७६ चा आणि त्याच्या जागीं आलेला १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा. शेताकडे जाणारी वहिवाट किंवा विहिरीचें पाणी कोणी अडविलें, तर दिवाणी न्यायालयाच्या फेऱ्यांत न पडतां मामलेदारापुढें दाद मागावी. अट एवढीच, कीं अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. हा कायदा महाराष्ट्रांत आजही चालू आहे, आणि तहसीलदारापुढें रस्त्याचे दावे त्याच्याच आधारें चालतात.

येथें प्रथमच असें झालें, कीं दाद मागणाऱ्याचें कूळ काय, त्याचा मान कोणता, हें कायद्यानें विचारलें नाहीं. पण कायदा बाईच्या बाजूला आला तरी कचेरी तिच्यापासून दूर गेली. खाडी ओलांडण्यासाठीं तरीवर होडीची वाट पाहावयाची, चढ-उतार तुडवीत तालुक्याच्या गांवीं जावयाचें, अर्ज लिहिणाऱ्याला पैसे द्यावयाचे, आणि शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यावयास गांवांतलाच कोणी तरी न्यावयाचा. निरक्षर बाईचे सहा महिने निघून जावयास वेळ लागत नाहीं. देवाची कचेरी जवळ होती पण सर्वांची नव्हती. सरकारची कचेरी सर्वांची होती पण जवळ नव्हती. यापुढचा सारा इतिहास हीं दोन टोकें एकत्र आणण्याच्या खटपटीचा आहे.

पहिली खटपट पैशांतून सुरू झाली. १८६३ पासून मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड घेऊं लागले, आणि १८६९ च्या कायद्यानें त्याला पक्कें रूप आलें. त्यांतले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि एक हिस्सा शाळांना जाई. त्यांत तरींच्या आणि कोंडवाड्यांच्या उत्पन्नाची भर पडे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ सालीं जिल्हा आणि तालुका लोकलबोर्डें निघालीं व त्यांत निवडलेले सभासद बसूं लागले. मात्र निवडणारे कोण, तर सारा भरणारे जमीनदार, इनामदार आणि असेच मोजके लोक. कुळाच्या घामांतून आलेला आणा बोर्डांत पोंचला, पण तो कोठें खर्चावा हें सांगावयास कूळ पोंचलें नाहीं.

विहिरीचा मूळ प्रश्न तर अजून तसाच होता. त्याला प्रथम थेट हात घातला तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत त्यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावे. कोंकणांतल्याच महाडच्या नगरपालिकेनें तो मान्य केला, पण कागदावरचें पाणी ओंजळींत येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असें नव्हे. हक्क बजावावयास कोणी तरी घाटावर उतरावें लागतें, हा धडा कोंकणानें साऱ्या देशाला दिला.

म्हणूनच ग्रामपंचायतींचें बिल १९३२ सालीं मुंबई कौन्सिलांत आलें, तेव्हां आंबेडकरांनीं त्याला कसून विरोध केला. खेड्यांत अस्पृश्यांचीं घरें मूठभर. नुसत्या मतानें त्यांचा माणूस निवडून येणार नाहीं. आणि राखीव जागा न ठेवतां अशा पंचायतीच्या हातीं न्यायदान देणें म्हणजे दुबळ्याला बलवंताच्या हवालीं करणें होय, असा त्यांचा मुद्दा होता. पंचायतींचा पहिला कायदा १९२० चा, दुसरा १९३३ चा. खेड्याला स्वराज्य द्यावें ही मागणी त्यामागें होती आणि ती खोटी नव्हती. पण खेड्याला स्वराज्य म्हणजे खेड्यांतील कोणाला, हा आंबेडकरांचा प्रश्नही खोटा नव्हता. खोती बंद करण्याचें बिलही त्यांनींच १९३७ सालीं विधिमंडळांत आणलें. खोती कायद्यानें संपली ती १९४९ च्या कायद्यानें.

पाण्यामागोमाग येते ती स्वच्छता. मुंबई सरकारनें १८८९ सालींच खेड्यांच्या आरोग्यासाठीं कायदा केला होता. पिण्याच्या पाण्याची निगा आणि केरकचऱ्याची व्यवस्था यांसाठीं गांवांत समिती नेमतां येई आणि नियम करतां येत. नियमानें घाण उचलावयाची खरी, पण ती उचलणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्या कायद्यानें विचारला नाहीं. तो विचारला सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां 'मला भंगीकाम करूं द्या' असा त्यांनीं आग्रह धरला, आणि परवानगी नाकारल्यावर अन्न तोडलें. येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपोषण आरंभिलें, आणि सरकारला नमावें लागलें. पुढें १९४८ सालीं देवगडला लागून असलेल्या कणकवलीस त्यांनीं गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचें सोनखत करणारा, कोणाच्या डोक्यावर पाटी न देणारा 'गोपुरी संडास' खेडोपाडीं नेला. २०१६ सालीं देशांतील सपाटीच्या जिल्ह्यांत सर्वांत स्वच्छ म्हणून सिंधुदुर्गाचें नांव जाहीर झालें, तेव्हां त्या मानपत्रामागें तुरुंगांत झाडू मागणाऱ्या या ब्राह्मणाची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची मशागतही होती, असें मी समजतों.

स्वराज्य आलें तेव्हां घटनासमितींतही हाच वाद निघाला. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणांत आंबेडकरांनीं खेड्याच्या गोडव्यावर कठोर टीका केली. त्याच महिन्यांत ग्रामपंचायती संघटित कराव्या असें मार्गदर्शक तत्त्व स्वीकारलें गेलें, तें आजचें चाळीसावें कलम. दोन्ही बाजूंनीं घटनेला कांहीं दिलें: एका बाजूनें पंचायत दिली, दुसऱ्या बाजूनें त्या पंचायतीवर समतेचें बंधन घातलें. पुढें १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, आणि १९६२ सालीं लोकलबोर्डांच्या जागीं जिल्हा परिषद व पंचायत समिती आली. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि देवगडकराची रत्नागिरीची खेप वांचली. १९९३ सालीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलांत आली. अनुसूचित जाति-जमातींना त्यांच्या संख्येच्या प्रमाणांत आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणें देशभर बंधनकारक झालें. महाराष्ट्रानें स्त्रियांचा वांटा २०११ सालीं निम्म्यावर नेला. १९३२ सालीं जी मागणी एकट्याची वाटली ती घटनेंत बसावयास एकसष्ट वर्षें लागलीं.

आतां आपली बाई आजच्या काळांत आणूं. अडविलेली वाट सार्वजनिक असेल तर अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. शेतांतली वहिवाट असेल तर तहसीलदार आहे. गांवांत जन्म झाला, मृत्यु झाला तर एकवीस दिवसांत पंचायतींत कळवावयाचें. घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्तीचा कर भरावयाचा, आणि त्या बदल्यांत नळ, दिवे, गटारें व रस्ते यांचा जाब विचारावयाचा. दाखल्यासाठीं कोणाच्या पायऱ्या झिजवूं नयेत म्हणून २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें कामाला मुदत घातली आणि मुदत टळल्यास अपिलाची सोय केली. वर्षांतून निदान चार वेळां ग्रामसभा भरली पाहिजे, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. ग्रामसभेंत बसावयास मान लागत नाहीं, सारा लागत नाहीं, कूळ लागत नाहीं. गांवच्या मतदारयादींत नांव असलें कीं पुरे. कचेरी जवळ आली आणि ती सर्वांची झाली. दोन टोकें जुळलीं.

जुळलीं खरीं, पण कागदावर. ग्रामसभेला मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या कमी तितकी माणसें लागतात. एवढींही न जमल्यामुळें सभा तहकूब झाल्याचें आपण कितीदां ऐकतों! कोंकणांत याला विशेष कारण आहे. अनेक घरांना कुलपें आहेत; चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात आणि परत जातात. देवाच्या मांडावर माणूस मावत नाहीं आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर माणूस दिसत नाहीं. मागें राहिलेल्या बायका चूल, गुरें आणि बाग सांभाळून सभेला येतात, आणि मागच्या रांगेंत गप्प बसतात. कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना 'होय महाराजा' म्हणावयाचेंही काम नव्हतें.

मी गांवऱ्हाटीचा वैरी नाहीं. शिवेबाहेर तीन दिवस राहणारा गांव मला आदरणीय वाटतो. एका शब्दावर एवढा गांव उठतो, तर तोच गांव वर्षांतून चार वेळां पंचायतीच्या ओटीवर कां जमूं नये? माझी विनंती इतकीच, कीं दोन गाऱ्हाण्यांतला फरक आपण ओळखावा. देवापुढें गाऱ्हाणें घालतांना सर्वांनीं एका सुरांत होकार द्यावा, हें शोभतें. ग्रामसभेंत मात्र एकानें तरी उठून 'नाहीं, हें मला मान्य नाहीं' म्हणावें, आणि तें इतिवृत्तांत लिहून घ्यावयास लावावें. देवाकडे आपण कृपा मागतों. पंचायतीकडे आपण आपलेंच मागत असतों.

येत्या ग्रामसभेला ती बाई येईल. तिच्या हातांत अर्ज असेल, विषय तोच: विहिरीची वाट. त्या दिवशीं तिच्या शेजारीं बसावयास आपण तेथें असलें पाहिजे.